शेहेचाळीस नावं

‘तेराताई’ या पर्यटनजहाजांच्या कंपनीचं नवं जहाज जर्मनीहून निघाल्याची बातमी आली त्या सोमवारी डॅरन येओ सकाळीच मलेशियातल्या पोर्ट क्लांगच्या धक्क्यावर आला. कंपनीच्या जुन्या ‘पुतीह’ जहाजावर चढला आणि कामगारांच्या जेवणघरात सिउ खिमच्या पुढ्यात येऊन बसला. हा मुख्य कचेरीतला माणूस. ती ‘पुतीह’वरच्या खोल्या, चादरी आणि धुलाई सांभाळणाऱ्या खात्याची प्रमुख. हाताखाली एकशे अठरा माणसं.

“आंटी, गुरुवारपर्यंत शेहेचाळीस नावं द्या. नव्या जहाजावर तुमच्या खात्यातल्या तेवढ्यांचीच सोय होतेय.”

“आणि बाकीचे बहात्तर?”

“करार संपले की घरी. ‘पुतीह’ विकलं ना आपण! कंपनी वाढतेय आंटी, तुम्ही तर पहिल्यापासून बघताय.”

बघत होतीच ती. तायपिंग या आपल्या गावाहून तेवीस वर्षांची पोर म्हणून आली, तेव्हा कंपनीकडे दोनच जहाजं होती. फिनलंडकडून घेतलेली जुनी फेरीजहाजं. भिंतींवर बर्फाची चित्रं होती, त्यांवर कंपनीनं कमळं रंगवली. लोक दोन रात्रींसाठी यायचे, जुगार खेळायचे, चिकन राइस चापायचे आणि उतरायचे. मग दोनाची पाच झाली, पाचाची सात. नवं आलं की जुनं जायचं. एक ग्रीसला गेलं, एक कोरियाला, एक कुठल्याशा बंदरात मजुरांची धर्मशाळा होऊन पडलं. कंपनी वाढायची आणि सिउ खिम माणसं कमी करायला बसायची. ही तिची पाचवी यादी. आता तिला कागद हातात धरणंसुद्धा जिवावर यायचं.

या वेळी मात्र तिनं मनाशी ठरवलं होतं: ‘पुतीह’बरोबर आपणही उतरायचं. तायपिंगला थोरल्या बहिणीनं मागची खोली रंगवून घेतली होती, पंखा बसवला होता. “कधी येतेस?” म्हणून आठवड्याला विचारत होती.

यादीत पहिलं नाव तिनं लिहिलं आंब्रोसिओचं. धुलाईखान्याचा मुकादम, फिलिपिन्समधल्या इलोइलोचा, वय अठ्ठावन्न. एकवीस वर्षं दोघं एकाच जहाजावर. चारचौघांत तो तिला ‘मॅम’ म्हणायचा, एरवी नुसतं खिम. ती त्याला त्याच्या लोकांसारखं ‘कुया’ म्हणायची, थोरल्या भावासारखं. साथीच्या वर्षी जहाज चार महिने बंद पडून होतं, तेव्हा नऊशे गाद्यांना बुरशी लागू नये म्हणून या दोघांनी मूठभर माणसं घेऊन रोज गाद्या उलटल्या होत्या.

डॅरननं नाव वाचून मान हलवली. “पंचावन्नच्या वरचं कुणी नको, असं वरून आलंय.”

“मला पण बावन्न झाली, पंचावन्न काही लांब नाही. मग मीही जाते.”

“आंटी, ऐका तरी. तिथं यंत्रच चादरीच्या घड्या घालतं.”

“यंत्र बिघडलं की कुणाला हाक मारणार? तुला?”

तो हसला. “ठीक आहे. पण मग तुम्ही एक वर्ष तिथं थांबा. नवीन पोरींना शिकवायला कुणी नाहीये माझ्याकडे.”

सिउ खिमच्या डोळ्यांपुढे ती रंगवलेली खोली आली. तिनं चहाचा कप बाजूला सारला. “लिही त्याचं नाव. थांबते वर्षभर,” म्हणाली.

गुरुवारी यादी फळ्यावर लागली. कुणी रडलं, कुणी फोन घेऊन वरच्या डेकवर पळालं. ज्यांची नावं नव्हती ते नजर चुकवून गेले, तिनंही चुकवली. मग पाय ओढत ती खाली धुलाईखान्यात गेली. वाफ, साबणाचा वास, यंत्रांची घरघर. आंब्रोसिओ खुर्चीत बसून गुडघ्याला मलम चोळत होता.

“बघितलंस का नाव?” तिनं विचारलं.

“बघितलं.”

“डॅरनशी भांडून घातलंय, कुया. घसा सुकेपर्यंत भांडले.”

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“म्हणजे?”

“खिम, मी दोन वर्षं वाट बघतोय हे जहाज कधी बंद पडतं याची,” तो आवाज न चढवता म्हणाला. “मी आपण होऊन सोडलं, तर बायको विचारणार, मेव्हणे विचारणार, धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यात टाकलं म्हणून गावभर होणार. कंपनीनं काढलं असतं, तर कुणाची बोलायची टाप नव्हती. अंगणात बसलो असतो. गुडघे बघ माझे.”

“मला बोलला असतास एकदा!”

“तू विचारलंस का एकदा?”

यंत्राचं चक्र संपून घंटी वाजली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“मी आत्ता जाऊन नाव काढायला सांगते,” शेवटी ती म्हणाली.

“काढून काय? त्या फळ्याचा फोटो सकाळीच इलोइलोला पोचलाय. बायकोनं शेजारी मिठाई वाटली.” तो खिन्न हसला. “बस जरा. तू कशी दिसतेयस, आरशात बघ. तू तर उतरणार होतीस ना?”

मग तिनं डॅरनशी झालेला सौदा सांगितला. आंब्रोसिओनं मलमाची डबी बंद केली. “म्हणजे माझ्यापायी तू अडकलीस आणि तुझ्यापायी मी,” तो म्हणाला. “शहाणी आहेस अगदी!” त्याच्या बोलण्यात राग होता, तरी त्यानं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः टोपलीवर टेकला.

दोघंही नव्या जहाजावर गेली. ते एवढं अवाढव्य होतं, की पहिला आठवडा सिउ खिम आपल्याच खोलीची वाट चुकत होती. आंब्रोसिओनं सहा महिने ढकलले. एकदा जिन्यात गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा डॉक्टरनंच ‘कामास अयोग्य’ म्हणून लिहून दिलं. घरी दाखवायला कागद मिळाला. निघताना तो काही फार बोलला नाही, “फोन कर” एवढंच म्हणाला. ती करते, तो अंगणातून बोलतो, बहुधा तक्रारीच सांगतो.

तिचं वर्ष भरायला महिना होता, तेव्हा डॅरन पुन्हा आला. कंपनीनं आणखी एक जहाज विकलं होतं, दोन नवी घेतली होती. त्या दोन जहाजांसाठी तिच्या खात्यातली साठ नावं हवी होती, चार दिवसांत.

“चार दिवसांत नाही व्हायचं,” सिउ खिम म्हणाली.

“का? नेहमी तर होतं.”

“प्रत्येकाला विचारणार आहे. तिकडे जायचंय, इथंच राहायचंय की घरी.”

“आंटी, दोनशे माणसं आहेत!”

“मग दोनशे वेळा विचारेन.”

तो चिडला, घड्याळ दाखवू लागला, वरच्यांचं नाव घेऊ लागला. तिनं वाद घातला नाही, तेवढं त्राणच नव्हतं. चादरींच्या कोठाराजवळ तिनं दोन खुर्च्या मांडल्या आणि पहिलं नाव पुकारलं. बालीची कोमांग आली. ती दोन वर्षं घरी गेली नव्हती. “खरं सांगू का?” म्हणाली आणि दाराकडे बघून आवाज खाली आणला.

संध्याकाळपर्यंत सातच जण झाले. सिउ खिमनं बहिणीला कळवलं, की यायला थोडे दिवस अजून लागतील.