काकांचा उसासा

गाडी बंद, किल्ली काकूच्या मुठीत, आणि तरीही आतून "फूऽऽऽ"! अंगणात जमलेली आमची निम्मी गल्ली दोन पावलं मागे सरकली. काका गेल्यापासून त्यांची गाडी दारात उभी केली, की थोड्या वेळाने उसासा टाकायची. काकाही कामावरून आले की खुर्चीत बसून हुबेहूब तसाच टाकत.

"अहो, सगळे पडदे वेळेवर पोचवले मी! आता काय राहिलं?" काकूने बॉनेटला दरडावलं. ती पडदे शिवते आणि याच गाडीतून गिऱ्हाइकांकडे नेते.

"आत्मा अडकलाय," जवळच्या मठातले शांतिबाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. हळूहळू उसासा थांबला. "गाडी मठाला द्या, ते सुटतील." आत्म्याला सायकल चालत नसावी.

काकूने किल्ली पुढे केली. गाडी गेली की तिचा धंदाही बसणार होता.

"थांब आई." ताई, म्हणजे तिची लेक, दातांची डॉक्टर. तिने गाडी एक फेरी मारून आणली. पुन्हा उसासा! "शांतिबाबा, आता गप्प राहा." बाबा गप्प राहिले. उसासा तरीही थांबला.

"मी मनात म्हणालो," बाबा म्हणाले.

मग ताई डॅशबोर्डखाली आडवी झाली. दात बघायच्या आरशाने शोधून तिने तारांसकट एक डबी बाहेर ओढली आणि तिच्यावर हेअर ड्रायर धरला. "फूऽऽऽ!"

"म्हणा आता, मोठ्याने म्हणा."

बाबांनी घसा फोडला. डॅशबोर्डमागे फिरणारा पंखा काही थांबेना. ताईने ड्रायर बाजूला केला. डबी निवाली, पंखा थांबला. काका असे तीनदा आले आणि तीनदा गेले.

"हा एसीच्या पंख्याला वीज सोडणारा ट्रान्झिस्टर," ताई म्हणाली. "बिघडलाय. गाडी उभी केली की धग आत कोंडते, हा तापतो आणि किल्लीशिवायच वीज सोडतो. पंखा फिरला की त्याच्याच वाऱ्याने गार होतो. मंत्र तेवढा वेळ लांबवायचा, बस्स."

बाबांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताईने नवा ट्रान्झिस्टर कथिलाचा डाग देऊन बसवला. काकूने उजेडासाठी बॅटरी धरली. पुन्हा फेरी मारून गाडी दारात उभी केली, तर गाडी गप्प. काकू बराच वेळ कान देऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले.

"मग इतके दिवस मी भांडले कोणाशी गं?"

"पंख्याशी, आई," म्हणत ताईने तिला जवळ घेतलं. मलाही भरून आलं.

माणूस गेला की रडू येतंच, खुशाल रडावं. पण आपण रडताना कोणी गाडी मागायला आला, तर आधी डॅशबोर्ड उघडून बघावा.