पान चारशे बारावरचा शब्द

मी एक जुना शब्दकोश आहे, मित्रांनो. इंग्रजी शब्दांचे मराठीत अर्थ सांगणारा. पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरने मला रद्दीतून उचललं, नव्या दोऱ्याने शिवलं आणि बायकोला म्हणाला, "घे, आता इंग्रजीतूनही भांड!"

पुढे मी वर्षानुवर्षं फळीवर धूळ खात बसलो. मग बाइंडरला पक्षाघाताचा झटका आला. हात सावरला, पण जीभ वाट चुकली. तो तासन्‌तास बोले आणि कुणाला अक्षरही कळत नसे.

दवाखान्याच्या कागदावर शब्द आला, 'जिबरिश'. बायकोने मला उघडलं. पान चारशे बारा. माझ्यात छापलंय तेच मी सांगणार: 'अर्थहीन बडबड, वटवट. वेडगळ बोलण्याविषयी, बहुधा हेटाळणीने वापरतात.' खरं सांगण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"वटवट म्हणे!" ती डोळे पुसत म्हणाली. "छत्तीस वर्षं मी केली, तेव्हा कुणी कागद नाही दिला."

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "काकू, महिन्याभरात काकांना काही उमजतंय असं दिसलं नाही, तर शिकवणी थांबेल. रांग मोठी आहे."

ती रोज त्याच्या कामाच्या टेबलाशी बसू लागली. खळीचा ब्रश हवा असला की तो म्हणे, "लुमटी." दुसऱ्या दिवशीही लुमटीच! दोरा म्हणजे "तारगो". चुकीची वस्तू दिली की तो वैतागे.

"अहो, मग नीट मागा ना!" तीही तडकायची. पण माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहीत राहिली. तेवीस शब्द झाले.

महिना भरला, तशी ती त्याला आणि मला घेऊन दवाखान्यात गेली. ताईंनी पान वाचलं. ब्रश, दोरा, कात्री टेबलावर मांडली.

"काका, लुमटी द्या बरं."

बाइंडरने ब्रश उचलून दिला. ताईंनी कागदावरचा 'जिबरिश' हा शब्द खोडला. "शिकवणी चालू राहील, काकू."

तेव्हा बाइंडर बायकोकडे बघून हळूच काहीतरी नवंच बोलला. तिने पेन्सिल काढली, मला उघडलं, आणि लाजून मिटूनच टाकलं.

तो शब्द अजून माझ्यात नाही. मित्रांनो, माझी पानं जपून उलटा, धूळ झटकत जा. पण कुणाचं बोलणं कळेनासं झालं, तर त्याला नाव ठेवायला माझ्याकडे धावू नका. आधी त्याच्याशेजारी जरा बसा.