हाताने दोन फेरे

आमच्या माहेरी सगळेच ओरडून बोलतात. कुणी उशिरा आलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, सगळं भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल असं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं एकमेकांशी भांडली आहेत की काय. नंतर कळलं की हे असंच असतं इथे. या घरात कुणाची चूक कुणी बोलून दाखवत नाही. मागून जाऊन ती गुपचूप निस्तरायची आणि काही घडलंच नाही असा चेहरा करायचा, यालाच हे लोक माया म्हणतात.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, विसरायला व्हायला लागलं तेव्हा या मायेला नुसता ऊत आला. आप्पांनी गॅस चालू ठेवला की सासूबाई पाठोपाठ जाऊन बंद करायच्या. चहात साखरेऐवजी मीठ पडलं की माझा नवरा तो चहा बेसिनमध्ये ओतून दुसरा करून आणायचा आणि म्हणायचा, 'पहिला गार झाला होता.' आणि आप्पांनी काही विचारलं, मी दार लावलं का, मी झाडांना पाणी घातलं का, तर उत्तर ठरलेलं. 'हो, घातलंत की. मगाशीच.' मग कुणीतरी हळूच उठून पाणी घालून यायचं. नाही म्हटलं की आप्पांचा चेहरा पडायचा आणि तो या दोघांना बघवत नसे.

मी म्हणायचे, "नाही घातलंत आप्पा. उठा, घाला."

सासूबाई माझ्याकडे डोळे वटारून बघायच्या. आप्पा मात्र हसायचे. "या घरात एकटी तूच खरं बोलतेस," म्हणायचे आणि उठून पाणी घालून यायचे.

आप्पांचा सगळा जन्म गाड्यांच्या पोटात हात घालण्यात गेलेला. गॅरेज विकून बरीच वर्षं झाली, पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची हत्यारं अजून जिथल्या तिथे टांगलेली होती. एकदा ते ब्रेड आणायला म्हणून गेले आणि दुपार उलटली तरी परतले नाहीत. सापडले ते तिसऱ्याच गल्लीत. कुणाच्या तरी गाडीचं बोनेट उघडून वाकून उभे होते आणि गाडीच्या मालकालाच सांगत होते, 'गिऱ्हाईक संध्याकाळी यायचंय, मध्ये मध्ये करू नका.' मालक भला माणूस. त्याने त्यांना घरी आणून सोडलं.

त्यानंतर डॉक्टरांनी एका घराचं नाव काढलं. शहराच्या पार टोकाला, अशाच म्हाताऱ्यांसाठी चालवलेलं. फाटकाला कायम कुलूप. हे आप्पांना सांगायचं कुणी? सासूबाई आणि माझा नवरा तोंड शिवून बसले. शेवटी जेवताना मीच सांगितलं.

आप्पांनी घास खाली ठेवला. ग्लासातलं पाणी पिऊन संपवलं.

"आपल्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला झालाय," ते म्हणाले. "तो मी बदलतो. एकट्याने. गाडी चालू झाली तर मी इथेच राहणार आणि त्या घराचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही झाली तर मीच बॅग भरतो. कुणी रडायचं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू पंच. ही दोघं फार मायेची आहेत. कुणाचा हात लागला तर तू मला सांगायचंस."

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून त्यांनी मला आधी समजावून सांगितलं. इंजिनात खालून पिस्टन वर येतात आणि वरून व्हॉल्व्ह खाली येतात. दोघांची गाठ पडली तर संपलं. ती पडू नये म्हणून हा दातेरी पट्टा दोघांना एका तालात ठेवतो. आमची गाडी डिझेलची, त्यात मध्ये जागा नखाएवढीही नाही. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तरी इंजिन भंगारात.

"म्हणून पट्टा बसवून, ताण देऊन झाला की आधी हाताने फिरवायचं," ते म्हणाले. "पाना लावून, सावकाश, पूर्ण दोन फेरे. मग रेघा बघायच्या. कुठे अडलं तर हाताला कळतं. चावीला कळत नाही."

रविवारी सकाळी आप्पा दाढी करून, जुना निळा डगला घालून शेडमध्ये गेले. सासूबाई विणकाम घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. नवऱ्याला शेडबाहेर राहायची ताकीद होती, तर तो खिडकीशी येरझाऱ्या घालत होता. लहानपणी आप्पांना बॅटरीचा उजेड दाखवून दाखवून त्याला थोडंफार कळायचं, आणि ते थोडंफारच आमच्या मुळावर आलं.

खरं सांगते, त्या सकाळी मी आप्पांकडे बघतच राहिले. घरात ज्यांना शर्टाची बटणं सापडत नाहीत, त्यांच्या बोटांना तिथे डोळे फुटले होते. त्यांनी जॅक लावला, पुढचं चाक काढलं, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला. निघालेला प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवला, एका खळग्यात एक, निघाला त्याच क्रमाने. "डोक्यावर भरवसा नाही, ट्रेवर आहे," असं स्वतःशीच म्हणाले आणि हसले. नजर कमी झालेली, म्हणून पट्ट्याच्या वरच्या दातेरी चाकावरची आणि इंजिनावरची खुणेची रेघ त्यांनी माझ्या लाल नेलपॉलिशने रंगवून घेतली. जुना पट्टा काढून माझ्या हातात दिला. आतून त्याला बारीक तडे गेले होते.

नवा पट्टा दातांवर बसवून झाला तेव्हा मी शेजारीच उभी होते. वरच्या चाकावरची लाल रेघ इंजिनावरच्या रेघेच्या जराशी मागे होती. मी बोट दाखवलं.

"ती मागेच ठेवायची," आप्पा म्हणाले. "अजून पट्टा सैल आहे. ताण दिला की आपसूक जागेवर येते. हे कुठे लिहिलेलं नसतं, हे हाताला माहीत असतं."

एवढ्यात जेवायची वेळ झाली. ताण द्यायचा तेवढा राहिला. आप्पा हात धुऊन स्वयंपाकघरात येऊन बसले, पाठोपाठ सासूबाईही आल्या. मी आप्पांच्या बशीत सूप वाढलं, ब्रेड दिला. त्यांनी दोनदा मागून घेतलं. कित्येक दिवसांत ते असं जेवले नव्हते.

पुढचं मला नंतर कळलं, पण घडलं ते तेव्हाच, म्हणून इथेच सांगते. आप्पा जेवत होते तेव्हा माझा नवरा शेडमध्ये शिरला. दोन लाल रेघा जुळलेल्या नाहीत हे त्याने पाहिलं. रेघेला रेघ भिडली पाहिजे एवढं त्याला लहानपणापासून पाठ होतं. बापाचा हात चुकला असंच त्याने धरलं. आप्पांना विचारायचं, मला हाक मारायची, असं काही त्याच्या मनात आलं नाही. ते या घरात कुणाच्याच मनात येत नाही. त्याने पाना लावून वरचं चाक किंचित फिरवलं, पट्टा एक दात पुढे घेतला, रेघा जुळवल्या आणि हात पुसत बाहेर आला.

जेवून आप्पा परत गेले, मागोमाग सासूबाई. मी भांडी घासत होते, तरी खिडकीतून शेड दिसत होती. ते पट्ट्यासमोर उभे राहिले आणि खूप वेळ नुसतेच बघत राहिले.

"रेघा जुळल्या आहेत," ते म्हणाले. "म्हणजे ताण दिला होता वाटतं मी."

त्यांनी ताणाचा बोल्ट हलवून पाहिला. सैल होता. त्यांनी एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. सकाळचा माणूस तिथेच कुठेतरी सांडला. मला वाटलं, जेवण करून सुस्ती आली असेल, आणि मी भांड्यांकडे वळले; पुढचं अधूनमधूनच दिसलं. त्यांनी ताण दिला, बोल्ट कसला, मग ट्रेमधून एकेक बोल्ट उचलत कव्हर लावलं, गाडीचं चाक चढवलं, ठोकळा काढला. मी हात पुसून तिथे पोहोचले तेव्हा ट्रे रिकामा झाला होता आणि ते सासूबाईंकडे वळून विचारत होते.

"हाताने फिरवलं का गं मी?"

"हो, फिरवलंत की," सासूबाई विणकामातून मान वर न करता म्हणाल्या. "मगाशीच. दोन्ही फेरे."

मी खरं मानलं. जेवण सोडलं तर त्या सकाळपासून तिथेच बसून होत्या ना.

आप्पा गाडीत बसले. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर तर विजयी हसू होतं. आप्पांनी चावी फिरवली आणि पत्र्याच्या डब्यात कुणी दगड भरून हलवावा तसा आवाज झाला. एकदाच. मग सगळं गप्प.

त्यांनी पुन्हा चावी फिरवली नाही. ती काढून डॅशबोर्डवर ठेवली.

"व्हॉल्व्ह गेले," ते म्हणाले. मग नेहमीसारखे नखांच्या कडांपर्यंत हात धुतले आणि आत जाऊन कपाटावरची बॅग काढली.

स्वयंपाकघरात नवरा खुर्चीत कोसळला. "मी तर नीट केला होता गं," तो रडत म्हणाला. "एक दात चुकला होता त्यांचा, मी सरकवला. मग बिघडलं कसं?"

मला आप्पांचं बोलणं आठवलं. "चुकला नव्हता! मुद्दाम मागे ठेवला होता त्यांनी! मला सांगितलं होतं!" मी ओरडले. "पण मग फिरवताना कळायला हवं होतं. आई, त्यांनी दोन फेरे फिरवले ना?"

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. "मला काय माहीत," त्या म्हणाल्या. "मी टाके मोजत होते. त्यांनी विचारलं म्हणून मी हो म्हटलं."

माझं डोकं भणाणलं. तो पट्ट्याला शिवला नसता, तर हिचं खोटं पचलं असतं. ही खोटं बोलली नसती, तर याची करामत दोन फेऱ्यांत उघडी पडली असती. दोघांनी मिळून धडधाकट इंजिन आणि अर्धामुर्धा का होईना शाबूत माणूस, दोन्ही मोडलं. मी तोंडाला येईल ते बोलले. आयुष्यात पहिल्यांदा या घराच्या भिंतींनी माझ्या माहेरचा आवाज ऐकला. दोघं खाली मान घालून बसले होते.

मग आम्ही तिघं आप्पांच्या खोलीत गेलो. ते शर्टांच्या घड्या घालत होते.

"आप्पा, मी सरकवला पट्टा," नवरा म्हणाला.

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लहानपणी तू खिडकीची काच फोडलीस, तेव्हा मी तुझ्या आईला सांगितलं होतं की माझ्या हातून फुटली. आज त्याची परतफेड झाली म्हणायची."

"अहो, तुम्ही फिरवलं नव्हतं. मी उगीच हो म्हटलं," सासूबाई रडत म्हणाल्या.

"बरं," आप्पा म्हणाले आणि पुढच्या शर्टाची घडी घालू लागले.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घडी तशीच हातात राहिली. त्या नजरेत अजून थोडी आशा होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तू पंच आहेस," ते म्हणाले. "हा पट्ट्याला हात लावत होता ते तू डोळ्यांनी पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. पण खरं तेच होतं, आणि नाही म्हटलं तर ते जाणार होते. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. नवरा बघत होता.

"हो आप्पा," मी म्हटलं. "जेवायच्या वेळी. मी पाहिलं."

आप्पा हळूच पलंगावर टेकले.

"तेव्हा तू मला सूप वाढत होतीस," ते म्हणाले. "दोनदा मागितलं मी. तेवढं आठवतंय मला." थोडं थांबून ते हसले, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "झालीस तूही या घरातली. चला, बरं झालं. यांना सोबत झाली."

मी खूप बोलले. रेघेचं सांगितलं, नेलपॉलिशचं सांगितलं, त्यांचेच शब्द त्यांना ऐकवले. जितकी जास्त बोलत गेले तितकी ते समजूतदार मान डोलवत गेले, चहा गार झाला होता म्हटल्यावर डोलवायचे तशी.

दोन दिवसांनी आम्ही त्यांना टॅक्सीने घेऊन निघालो. शेडचं दार सताड उघडं होतं. मला जाताना दिसलंही, पण ते लावायला कुणाचा पाय तिकडे वळेना. आप्पा मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसले होते, बॅग मांडीवर घेऊन. गाडी वळणावर आली तसे ते एकदम दचकले आणि मागे वळून काचेतून घराकडे बघायला लागले.

"सूनबाई, शेडचं दार लावलं का गं मी?"

सासूबाई पदराआड तोंड लपवून बसल्या होत्या. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी होता, त्याने मान वळवली नाही.

"हो, लावलंत की," मी म्हटलं. "मगाशीच."