फिटरकाकांनी घरी नेलेली फाईल

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर जरा बेताने घ्या, माझे दाते अजून बोचतात. लोखंड घासून गुळगुळीत करणारी मी एक जुनी कानस. पोलादाची पट्टी तापवून, तिच्यावर बारीक दाते पाडून मला घडवलं आणि लाकडी मूठ बसवून एका पंपांच्या कारखान्यात पाठवलं. तिथे मला कानस कुणी म्हणत नसे. सगळे म्हणत, ‘फाईल’.

हा इंग्रजी शब्द मला पहिल्यापासून संशयास्पद वाटे. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात कागद ठेवायच्या पुठ्ठ्यालाही फाईलच म्हणत. कॉम्प्युटरमध्ये फाईल. कोर्टात केस करायची, तर तीही फाईल करायची. टायपिस्टताईंच्या पर्समध्ये नखं घासायची चिमुकली पट्टी होती, तीसुद्धा फाईल! ज्या शब्दाचं पाऊल एका घरी टिकत नाही, त्याचा भरवसा काय धरायचा?

माझी खरी माया होती फिटरकाकांवर. एकोणीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. सुट्टीआधी ते तारेच्या ब्रशने माझ्या दात्यांत अडकलेला कीस काढत. “हिची सर नव्या फाईलला नाही,” असं ते चारचौघांत म्हणत, तेव्हा मी मनातून फुलून जाई.

एका शनिवारी ते मला घरी घेऊन गेले. त्यांच्या आईच्या चालायच्या लोखंडी आधाराला धारदार कड आली होती आणि म्हातारीचा तळहात कापला जात होता. निघताना त्यांनी स्टोअरकीपरला सांगितलं. त्याने वहीत लिहिलं, ‘फाईल – फिटर – घरी’.

सोमवारी ऑफिसातली निळी फाईल सापडेना. नव्या पंपाची सगळी ड्रॉइंग तिच्यात होती. मॅनेजरसाहेबांनी स्टोअरची वही मागवली आणि ती ओळ वाचून त्यांच्या भुवया चढल्या. त्यातून काकांचा मेहुणा समोरच्या पंपांच्या कारखान्यात कामाला. झालं! चोरी करणारा वहीत नोंद करून कशाला जाईल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दुपारपर्यंत कुजबुज खाली पोचली. काका चहाला बसले की शेजारची माणसं उठून जात. कुणी त्यांच्या टेबलाशी उगाच घुटमळे, कुणी खण ओढून पाही. मीही शंकेखोर झाले. हा इतका गोड का बोलतोय? तो दाराआड काय ऐकतोय? काकांना मात्र कशाचाच पत्ता नव्हता. चार वाजता वरून बोलावणं आलं, तेव्हा मी त्यांच्या एप्रनच्या खिशात होते.

“फाईल तुम्ही घरी नेली होती?” साहेबांनी विचारलं.

“हो साहेब, शनिवारी.”

“मेहुण्याने पाहिली?”

“पाहिली ना. आला होता तो. थोडी वापरलीही त्याने.”

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “वापरली? आणि हे मलाच तोंड वर करून सांगताय?”

“त्यात काय झालं? याआधीही नेलीय चारपाच वेळा.”

“राजीनामा लिहा! नाहीतर आत्ताच्या आत्ता पोलिसांत तक्रार फाईल करतो.”

“एका फाईलसाठी, साहेब?” असं म्हणत काकांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. “हे काय आहे?”

“हीच की फाईल.”

तेवढ्यात टायपिस्टताई चाचरत म्हणाल्या, “साहेब, ती निळी फाईल शुक्रवारी तुम्हीच मोठ्या साहेबांकडे सहीला पाठवली होतीत.” फोन केला. फाईल तिथेच होती.

सगळे पोट धरून हसले. साहेबांनी काकांच्या पाठीवर थाप मारली, “मनावर घेऊ नका हो.” काका हसले नाहीत.

आता वहीत मला ‘कानस’ असं स्वच्छ लिहितात. पण काकांनी मला पुन्हा कधी घरी नेलं नाही. रोज संध्याकाळी ते मला स्टोअरमध्ये जमा करतात. तिथल्या खिडकीतून मला फाटक दिसतं. कुणी मागितलेलं नसताना काका आपली पिशवी उघडून पहारेकऱ्यापुढे धरतात. “बघून घ्या,” म्हणतात. पहारेकरी बिचारा मान खाली घालतो.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर तेलाचा बोळा फिरवा, जाईल. पण एखाद्या माणसावर बोट रोखण्याआधी त्याला एवढंच विचारा, “तुम्ही म्हणताय ती फाईल नेमकी कुठली?” कारण संशयाने माणसाच्या मनाला आलेली कड मला घासता येत नाही. मी रोज खिडकीतून बघते ना, म्हणून सांगते.