परग्रहाची नक्कल, पेडण्याची अक्कल

मित्रांनो, मी चित्ररथावरचे एक जुने विमान आहे. चित्ररथाचे आयुष्य एका मिरवणुकीचे असते, त्या मानाने मी चांगलेच म्हातारे झाले. माझे घर म्हणजे गोव्यात पेडण्याला राहणाऱ्या गोकुळदासांचा मांगर, म्हणजे सामान ठेवायची खोपी.

त्यांची मुलगी सेजल तुयेच्या कारखान्यात यंत्रांची चित्रे काढते. शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणातल्या चित्ररथांवर नेहमी देव नि राक्षस. तिने नवीच गोष्ट रचली. परग्रहावरचे यान माणसांना सापडते आणि ते बघून माणसे आपले विमान घडवतात. ते विमान म्हणजे मी. दोन पराती तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात, तसे माझे रूप ठरले. दार नाही, पंख नाहीत, खिडकी नाही.

वेल्डिंग करणारे गोकुळदास अडून बसले. "माणूस भितर बसतलो मगे, तेका वारो नाका?"

म्हणून मला खिडकी मिळाली. पोटात बॅटरीवरचा जॅक बसला. परीक्षकांसमोर विमान वर चढणार, असे सेजलने गावाला सांगून टाकले होते. तिची सगळी अब्रू त्या जॅकवर होती.

निघायच्या वेळी गावातर्फे देवाला गाऱ्हाणे घालणारे कृष्णनाथ आडवे आले. म्हणाले, दुसऱ्याच्या हद्दीतले काही घेतले, तर तिथल्या राखणदाराला, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाला, मान द्यावा लागतो.

"काकानू, ह्या माझ्या डोक्यातला," सेजल म्हणाली.

"डोक्यात कोणी घातल्यान?"

कृष्णनाथांनी आभाळाकडे हात जोडले. "बा परग्रहाच्या राखणदारा म्हाराजा, तुज्या हद्दीतली वस्तू ह्या चेडवान घेतली आसा. चुकला-माकला सांभाळून घे, आणि ह्येका वयर काड."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

मग त्यांनी नारळ माझ्याच टाळक्यावर फोडला. सगळे पाणी फटीतून थेट बॅटरीत गेले. मला गुदगुल्या झाल्या, पण बोलणार कसे?

परीक्षकांसमोर सेजलने बटण दाबले. मी फक्त उचकी दिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात गोकुळदास माझ्याभोवती खालपर्यंत सोडलेला चंदेरी पडदा उचलून आत शिरले. त्यांच्यामागून पालखी उचलणारे चार गडी आले, नि शेवटी कृष्णनाथही. त्यांनी मला खांद्यावर घेतले. मी डुलत डुलत वर गेले आणि लोकांनी शिट्ट्यांनी रस्ता डोक्यावर घेतला.

परीक्षक चकित झाले. "आवाज नाही, धूर नाही. चालतं कशावर हे?"

यंत्रावर चालणाऱ्या रथाला पहिले बक्षीस होते. सेजलने एखाद्या यंत्राचे भारी नाव ठोकून दिले असते, तर ते आमचेच होते. ती तोंड उघडणार, एवढ्यात पडद्याआडून वडिलांचा दबका आवाज आला. "बाय, बेगीन सांग. खांदो गेलो."

सेजलने पडदाच वर केला. "माणसांवर, सर."

बक्षीस डिचोलीच्या, यंत्रावर जबडा मिटणाऱ्या राक्षसाला गेले. मला त्याचे दुःख नाही. आता माझ्या पोटात कोंबडी अंडी घालते, त्याचे थोडे आहे.

मित्रांनो, यंत्राला तेल द्या, असे सगळेच सांगतात. मी सांगते, उचलणाऱ्यांनाही विसरू नका. गोकुळदासांचा उजवा खांदा अजून ठणकतो. संध्याकाळी सेजल तेल कोमट करते आणि ते "नाका गो" म्हणत सदरा काढून बसतात.