इंजिनाचं कापड

कुंडलिक वेखंडे खोटं बोलत नाही, हे त्याच्या गावात कुणीही छातीठोकपणे सांगितलं असतं. अडचण तिथंच झाली. ज्याला रोजची सवय असते तो बेतानं बोलतो, कुठं गळ्याशी येईल ते आधी बघून ठेवतो. या बाबाला साठाव्या वर्षी खोटं बोलायची बुद्धी झाली, आणि तेही घरच्याच माणसांशी!

त्याचं गाव शहापूरहून डोळखांबला जाताना लागतं. आसनगाव स्टेशनला सायकल लावून, तिथून लोकलनं जाऊन, त्यानं बत्तीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपची नोकरी केली. तिथं थकलेली डिझेल इंजिनं यायची. मालगाड्या ओढून ओढून जीव गेलेली, तेलानं काळी पडलेली. ती पार सांगाड्यापर्यंत उघडायची, झिजलेलं फेकायचं, नवं बसवायचं आणि पुन्हा मालगाडीला नाहीतर एक्स्प्रेसला जोडायला पाठवायची. नव्वद सालानंतर हे काम फारच वाढलं. नवं इंजिन घेण्यापेक्षा जुन्याच्याच पोटात नवा टर्बो घाला, कॉम्प्युटरची पेटी बसवा, अजून पंधरा वर्षं पळेल, असा वरून हुकूम आला होता. तशी ती पळायचीही. आपण सोलून काढलेलं एखादं इंजिन रंग लावून आसनगावच्या फलाटापुढून धडधडत गेलं की कुंडलिक त्याचा नंबर मोठ्यानं वाचायचा. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा, "आपला हाय तो!"

इंजिन आलं की पहिला हात त्याचा. धुराच्या पाइपांना पांढऱ्या जाड कापडाचे थर गुंडाळलेले असत, आतली आग बाहेर लागू नये म्हणून. ते कापायचं, ओरबाडायचं, आणि सगळं जुळून आलं की शेवटी कोरं कापड पुन्हा आवळायचं. जुनं कापड सुटताना एवढी पांढरी धूळ उडे की संध्याकाळी ओळखीचा माणूस ओळखू येत नसे. तोंडाला रुमाल बांधा, एवढंही कुणी कधी सांगितलं नाही. तीच धूळ अंगावर घेऊन तो घरी यायचा, आणि दर रविवारी त्याची बायको ताराबाई ते कामाचे कपडे आधी ओटीच्या खांबावर आपटून झटकायची आणि मग ओढ्यावर न्यायची.

कोऱ्या कापडाचे उरलेले तुकडे सगळेच घरी न्यायचे. साहेब बघून म्हणायचा, न्या रे, नाहीतरी कचराच आहे. गावात त्या कापडाचं मोठं कौतुक झालं. विस्तवात टाका, जळत नाही! भाकरीचा तवा उतरवा, हाताला चटका नाही. "भाऊजी, मना पन एक इंजिनाचा कापड आणा ना," म्हणून बाया ताराबाईकडून वशिला लावायच्या. सोन्यानाण्याची हौस करण्याइतका कुंडलिक मोठा नव्हता, पण ही एक वस्तू त्याच्याकडं अशी होती की जी तालुक्याच्या बाजारात मिळत नव्हती. एकुलत्या एक लेकीचं, मनालीचं लग्न मुरबाडकडच्या म्हसा गावाजवळच्या राघोच्या मुलाशी लागलं, तेव्हा त्यानं रुखवतात दोन कोरे तुकडे ठेवले, चांगले दोन-दोन हात रुंद. राघो म्हणजे हौशी माणूस. त्यानं भर मांडवात एक तुकडा चुलाणात टाकला, चिमट्यानं जसाच्या तसा बाहेर काढला आणि वऱ्हाड्यांना ओरडून म्हणाला, "बगा! माझा व्याही कोन हाय!"

त्या दिवशी कुंडलिक जेवढा खूश झाला तेवढा तो पुन्हा कधी झाला नाही.

दोन हजार सहाच्या गणपतीत ताराबाईला दम लागायला लागला. आधी शेताचा बांध चढताना, मग उंबरा ओलांडताना. शहापुरात छातीतलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथली डॉक्टरीण तरुण होती. तिनं ताराबाईला विचारलं, "मावशी, कुठल्या कारखान्यात होतात का हो?" ताराबाई हसली. "मी कशाला जाते कारखान्यात? मी नि माझं शेत." मग डॉक्टरीण कुंडलिकाकडं वळली. तो काय काम करायचा ते तिनं नीट विचारून घेतलं आणि त्याला एकट्याला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेलं.

"तुमचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"ती. म्हंजे आमची मंडळी."

डॉक्टरिणीनं केसपेपरवर तेवढं लिहून घेतलं. मग तिनं सांगितलं. ते कापड दगडातून काढलेल्या तंतूंचं असतं. त्याची धूळ छातीत एकदा गेली की बाहेर येत नाही, वीस-तीस वर्षांनी गाठ धरते. ताराबाईला तीच गाठ होती, आणि आता उपाय फारसा राहिला नव्हता. कुंडलिकाची स्वतःची छाती मात्र फोटोत स्वच्छ होती. सगळ्यांना होतंच असं नाही, ती म्हणाली. "घरात अजून ते कापड असेल तर आधी काढा. झटकू नका, फाडू नका. अख्खं असतं तोवर एक वेळ ठीक, फाटलं की तंतू उडतात. ओलं करायचं, पिशवीत घालायचं, खोल पुरायचं. आणि लहान मुलं असतील तिथून तर आजच्या आज. त्यांच्यापुढं अख्खं आयुष्य असतं, बाबा."

लहान मुलं! मनालीची रेश्मा तेव्हा पाच महिन्यांची होती.

ताराबाईला त्यानं सांगितलं, दमा आहे, औषधानं उतरेल. घरातलं कापड ओलं करून परसात पुरलं. "कशाला हो, चांगलं होतं की," ती खाटेवरून म्हणाली. तो म्हणाला, जुनं झालं. शेजारीपाजारी जे दिलं होतं ते कधीच जीर्ण होऊन उकिरड्यात गेलं होतं. राहिले ते मनालीचे दोन तुकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो किन्हवलीवरून जाणाऱ्या मुरबाडच्या एस्टीत बसला. खरं ते सांगायचं, कापड ताब्यात घ्यायचं आणि परत यायचं, एवढं मनाशी पक्कं करून निघाला होता. वाटेत त्यानं ते वाक्य दहा वेळा घोकलंसुद्धा.

पण राघोच्या ओटीवर पाय ठेवला आणि सगळं बिनसलं. राघोकडं गावचेच दोन पाहुणे बसले होते, आणि राघो त्यांना चुलीजवळचं ते कापड आणून दाखवत होता. "हे आमच्या व्याह्याचं देनं. सात वर्सं झाली, एक दोरा जळला नाय." आता हे विष आहे म्हणून सांगायचं? स्वतःच्या हातानं मुलीच्या रुखवतात विष ठेवलं म्हणून? मनालीची सासू उद्या काय म्हणेल? गावात मनालीकडं कोण कसं बघेल? आणि मनाली, तिला आईचं कळलं तर? चहा निवला तरी तो बशीकडंच बघत राहिला.

पाहुणे उठून गेले तशी त्याच्या तोंडून ती ऐनवेळची थाप निघाली.

"राघोदादा, तो कापड मना परत पायजे. वर्कशॉपात तपासनी लागलीय. कोनी कोनी काय नेलं त्याची. चोरीची केस करतील."

"रिटायर झाल्यावर?"

"हां. जुनी परकरनं काढलीत."

अरे देवा! राघो घाबरेल आणि कापड काढून देईल, असा त्या भोळ्याचा हिशेब. राघो कसला घाबरतोय! तो सरसावून बसला. "आनि तुमी तो कापड काखोटीला मारून दिवसाढवळ्या एस्टीनं नेनार? सापडलात म्हंजे? नाय नाय, व्याही. तुमी हातसुद्धा लावू नका. आमी हाव ना!"

"मग पुरून टाका," कुंडलिक घाईनं म्हणाला. "आजच पुरा. खोल. फाडू नका, झटकू नका."

"पुरतो ओ. एवढं काय घाबरताव?"

"तुमाला माझी शपथ हाय, राघोदादा."

"घ्या, शपथ." राघोनं त्याच्या हातावर हात मारला. मनाली दारात रेश्माला कडेवर घेऊन उभी होती. बापाचं उतरलेलं तोंड बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, तुमी काय पन काळजी करू नका. आमच्या घरातनं कोनाला काय गवसनार नाय." त्यानं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परतीची गाडी धरली. परतताना त्याला खरंच हलकं वाटलं. खोटं बोललो, पण काम झालं, असं तो मनाशी म्हणत होता.

ताराबाई मार्गशीर्षात गेली. शेवटचे आठ दिवस तिला आडवं होता येत नव्हतं. गोधड्यांची चळत पोटाशी घेऊन ती बसून असायची, आणि कुंडलिक तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायचा. त्याला दहा वेळा वाटलं की सांगावं, पाय धरावेत. तिनं एकदा त्याच्याकडं बघून विचारलंही, "आवो, तुमाला तरी बरं हाय ना?" तेव्हा तर त्याला हुंदकाच फुटला, पण शब्द फुटला नाही. दहाव्याला मनाली त्याच्या गळ्यात पडून रडली, "दम्यानं असं होतं का ओ बाबा एकाएकी!" तेव्हाही हा दगडासारखा गप्प. माणसाची लाज किती चिवट असते बघा. बायको गेली तरी ती जाईना.

तेरावं झाल्यावर राघो स्वतः न्यायला आला. एकटे काय बसून राहता, चार दिवस लेकीकडं चला, म्हणाला. म्हशाची जत्रा चालू होती. बैलांचे तांडे राघोच्या दारावरून जात होते, सगळीकडं फुफाटा आणि घुंगरांचा आवाज. दुपारची जेवणं झाली. राघोनं व्याह्याला ओटीवर बसवलं, सुपारी कातरली, रस्त्यावर कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि हळूच म्हणाला, "ते तुमचं काम फत्ते बरं का. आली का ती तपासनी?"

"नाय आली. पुरलंत ना?"

राघो गालात हसला. "पुरनार होतो. खड्डा पन काढला. मग मनाली म्हनाली, मामांजी, कोनी चुगली केली नि खनून काढलं तर? बाबांवर नाव येईल. पोर हुशार आहे तुमची! मग ती नि तिची सासू दोगी दोन दुपारी हितंच बसल्या. सगळा कापड उसवला, दोरा न दोरा पिंजून काढला. कसा मऊ झाला सांगू, सावरीचा कापूस झक मारेल! आता येऊ दे कोन येतो तो साहेब. त्याच्या बापाला सापडनार नाय."

"कुठाय?" कुंडलिक पुढं सरकला.

"रेश्माच्या दुपट्यात! पोरगी तीन म्हयनं त्याच्यावरच झोपतेय. थंडीत तर काय ऊब म्हनता!"

मनाली त्याच वेळी बाहेर आली. एका हातावर झोपेतून उठलेली रेश्मा, दुसऱ्या हातात ते जाड दुपटं. उन्हात घालायला म्हणून तिनं ते ओटीच्या कठड्यावर टाकलं आणि सवयीनं हाताच्या पंज्यानं दोन-चार थापट्या मारल्या. पोरगी त्या आवाजाला खिदळली.

"नको गो! हात नको लावू!" कुंडलिक असा ओरडला की रस्त्यावरचा बैलवाला थांबून बघायला लागला.

"बाबा, काय झालं? इथं कोन साहेब नाय बघायला."

"तपासनी नाय कसली. कधीच नव्हती." तो कठड्याला धरून उभा राहिला. "तुझ्या आईला दमा नव्हता, मनाली. हा कापड होता. माझ्या कामाच्या कपड्यांची धूळ तिनं तीस वर्सं झटकली. डॉक्टरीण बोलली होती, पोरांच्या जवळ ठेवू नका, फाडू नका. मी त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. मना लाज वाटली गो. मना लाज वाटली."

राघोच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला. मनाली आधी कठड्यावरच्या दुपट्याकडं बघत राहिली, मग आपल्या हातांकडं. दोन दुपारी तिनं त्याच हातांनी ते पिंजलं होतं. बापाला वाचवायचं म्हणून पिंजलं होतं.

"तीन म्हयनं," ती म्हणाली. "आईला पोचवलं तेव्हा पन तुमाला ठाव होतं?"

त्यानं होकाराची मान हलवली.

कठड्यापलीकडून बैलांचा फुफाटा आत येत होता आणि रेश्माला ठसका लागला. साधाच, धुळीचा ठसका. कुंडलिकानं घाबरून दोन्ही हात पुढं केले, नेहमी करायचा तसेच, आणि पोरगीही आजोबाकडं झेपावली. मनालीनं तिला ओढून घट्ट छातीशी धरलं आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत ती बापापासून मागं मागं सरकत गेली.