हे कापा हं

लाल पट्टी. नखाच्या कडेएवढी, लॅपटॉपच्या पडद्याच्या कोपऱ्यात, आणि तिच्याखाली तीच जुनी रड — जागा संपली आहे. शनिवारीच तर तिने ती पट्टी निळी करून ठेवली होती, अर्धी दुपार घालवून, कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत खुर्चीत बसून... आज पुन्हा लाल. या लॅपटॉपला भस्म्या झालाय, दुसरं काय! कितीही काढा, सकाळी उठून पाहावं तर पोट भरलेलं.

आता काढायचं तरी काय उरलंय? लेकीचे खेळ गेले, तिच्या शाळेतल्या नाटकाचे व्हिडिओ गेले, दोनदा आलेले फोटो गेले, मग एकदाच आलेलेही गेले... आणि शनिवारी आईचे ते व्हिडिओ. खिडकीपाशी मटार सोलत बसलेली आई — म्हणजे आई धड दिसतच नव्हती त्यात, नुसती भिंत, पडद्याची झालर, आणि मधूनच तिचा आवाज, "हे काय लावलंयस, ठेव ते बाजूला." तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं की आई काय या डब्यात बसलीय का, आई मनात असते, नव्या कादंबरीचं वाचन सुरू व्हायचंय, त्याला जागा हवी, पोट त्यावर चालतं. असली शहाणी वाक्यं मला वेळेवर बरी सुचतात. आई जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मागे वळून बघायला नको म्हणून कचऱ्याची टोपलीसुद्धा लगेच रिकामी करून टाकली होती.

आज मात्र ती चिडली, आणि चिडून तिने आजवर न केलेली गोष्ट केली. एकेक फाइल निवडत बसण्यापेक्षा सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते सरळ लॅपटॉपलाच विचारलं. उत्तर आलं — दादांचा फोल्डर.

दादा म्हणजे तिचे रेकॉर्डिस्ट. नात्याने कुणी नाहीत. पण लेक रांगत होती तेव्हापासून ती ऑडिओबुकांसाठी पुस्तकं वाचते आणि दादा ते वाचन कापून, घासूनपुसून ऐकण्याजोगं करतात. ती घरीच, कपाटाआडच्या कोपऱ्यात जाड पडदे लावून वाचते. वाचलेलं दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये पडतं, तिकडे दादांच्या मशीनवर उमटतं, आणि दादांनी ठेवलेलं इकडे उतरतं. पद्धत दादांनीच शिकवलेली. चुकलं तर रेकॉर्डिंग थांबवायचं नाही, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. टाळीची रेघ पडद्यावर उंच दिसते, कापायला सोपं जातं. त्यामुळे दुपारभर रेकॉर्डिंग चालूच, आणि मध्ये जे काही होई तेही त्यात जाई — खोकला, दाराची बेल, नवरा सोडून गेला त्या आठवड्यातलं रडणं, हॉस्पिटलमधून आलेला आईचा फोन. मग ती म्हणायची, "दादा, हे कापा हं." आणि हळूहळू असं झालं की ती मुद्दामच बोलायला लागली, दोन परिच्छेदांच्या मध्ये, जे कुणाशीच बोलता येत नाही ते... दादा, लेक आज माझ्याशी बोलली नाही. दादा, मला एकटीला भीती वाटते हो. हे कापा हं. दादांनी त्यातला शब्द कधी तोंडातून काढला नाही. भेटले की चहा द्यायचे आणि पुढच्या प्रकरणाबद्दल बोलायचे. या मुकाटपणाला ती माया समजत आली होती.

फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर होता, तिने कधी न ठेवलेला. त्याचं नाव 'कापलेलं'. उघडला, तर आत तीच. टाळी, खोकला, टाळी, हुंदके, टाळी, "दादा, आज वाचवत नाही"... तारखेवार, नीट, एकही तुकडा इकडचा तिकडे न झालेला. कापलं होतं, फेकलं नव्हतं. त्याच्याशेजारी दुसरा फोल्डर, 'नमुने' — हाच रोज फुगत होता. तिने पहिलीच फाइल लावली.

"घाबरू नका हं. तुमचा नंबर आला की मीच सांगेन. मी आहे ना."

आवाज तिचा. वाक्य तिचं नव्हतं. असलं काही ती उभ्या जन्मात वाचलेली नव्हती. पण तो शेवटचा 'ना' — किंचित खाली उतरणारा, लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा — तो ती एकाच माणसाशी बोलताना लावायची, आणि ते माणूस हॉस्पिटलच्या खाटेवरून फोन करायचं.

"आई, कोणाला समजावतेयस गं एवढं?" लेक स्वयंपाकघरातून ओरडली.

"कोणाला नाही."

तिलाही कळलं नाही. माझ्या पोटच्या पोरीला कळलं नाही...

तिने दादांना फोन लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, नुसतंच म्हणाली, "दादा, ते नमुने."

"अरेच्चा! तुझ्याकडेपण उतरतंय होय ते? मी तर तुझ्याकडे पाठवायची खूण काढली होती..."

पहिलं वाक्य हे.

"काय आहे ते?"

"अगं, एका हॉस्पिटलला हवंय. पेशंटांशी फोनवर बोलायला मशीन. त्यांना वाचनाचा आवाज चालेना, पुस्तकी वाटतो म्हणे. बोलण्याचा पाहिजे होता. तो माझ्याकडे होताच, त्यावरून मशीनला शिकवलं."

"मी कापा म्हणाले होते."

"कापलंच की गं."

"निदान विचारायचं तरी."

"परक्या बाईला विचारलं असतं," दादा म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटलेलं ऐकू येत होतं, "तू म्हणजे घरचंच माणूस. शिवाय तुझा घसा हल्ली सारखा धरतो. उद्या बसला तर? आवाज तरी राहील तुझा."

तिने फोन ठेवला. ते खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. चार सुनावता आल्या असत्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही हळुवारपणे, घशाची चौकशी करत. आणि मी काय केलं? शनिवारमागून शनिवार बसून, घाम गाळून, त्यांच्या या चोरीला जागा करून दिली. लेकीला बाहेर काढलं, आईला बाहेर काढलं, आणि चोराला पथारी घालून दिली. कसली मी बावळट... बावळटसुद्धा नाही, बावळट माणसाला निदान कुणीतरी फसवावं लागतं.

तिने दोन्ही फोल्डर निवडले. लॅपटॉपने विचारलं — सगळीकडून जाईल, नक्की? बोट खाली जाणार एवढ्यात 'कापलेलं'मधली एक तारीख दिसली. आई हॉस्पिटलमध्ये होती त्या आठवड्यातली. तिने ती लावली. टाळी. मग फोनची घंटा. वाचता वाचता स्पीकरवर घेतलेला फोन...

"ऐकतेयस ना? त्या नर्सला सांग गं, उशी फार उंच आहे. मान अवघडली माझी."

"घाबरू नकोस, मी आहे ना."

"घाबरतंय कोण? उशीचं सांग."

आई! स्वच्छ, शेजारी बसल्यासारखी, व्हिडिओतल्यापेक्षा कितीतरी चांगली. तिने पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. मी जिला टोपलीत टाकून आले तिला दादांनी तारीख घालून ठेवली होती... रडू आलं, आणि रडू आल्याचाच संताप आला, कारण आता त्यांचे उपकार मानायची पाळी येणार होती. आणखी कुठे असेल? सगळं ऐकावं लागेल, एकेक टाळी. की त्यांनाच विचारावं? त्यांना पाठ असेल.

आणि मग तो विचार आला, अगदी सहज, दार ढकलून घरात यावं तसा — एवढ्या आवाजातून दादांना आईचं नवं वाक्य जमेल का? उशीचं नको. दुसरं काहीतरी. आई कधी म्हणालीच नाही असं... की तू माझं सगळं नीट केलंस गं. एकच वाक्य. कुणाला ऐकवायचंय? माझ्यापुरतंच. आईला विचारणं तर आता शक्यच नाही, आणि तिला काय विचारायचं, ती घरचीच...

तिने झटकन हात मागे घेतला. हे तिच्याच डोक्यात आलं होतं, दादांनी सुचवलं नव्हतं. पडद्यावर 'नक्की?' तसंच उभं होतं, आणि दादांसाठी मघापासून जमवलेल्या शिव्यांपैकी एकही आता तिच्या तोंडात धड बसेना.